जावयाची सोंगटी

माझ्या जावयाचा धंदा शाळांना मोठाल्या टचस्क्रीन पुरवण्याचा. फळ्याच्या जागी भिंतीवर लावायच्या, बोटाने लिहायचं, बोटानेच पुसायचं. त्यातली एक, कडेला चरा आहे म्हणून कुठल्याशा शाळेने परत पाठवली. या गृहस्थाने ती अडगळीत न टाकता तिला लोखंडी पाय बसवून घेतले आणि गंगापूर रोडवरच्या आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये आडवी मांडली. चांगली जेवणाच्या टेबलाएवढी. तिच्यात लुडो, सापशिडी, कॅरम, बुद्धिबळ असे सगळे बैठे खेळ भरले. चारी बाजूंना खुर्च्या. संध्याकाळी घरातल्या माणसांनी आपापल्या मोबाईलमध्ये तोंड घालून बसण्यापेक्षा एकाच मोठ्या मोबाईलमध्ये तोंड घालावं, अशी त्यामागची कल्पना. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणतो.

त्याच सुमाराला मी त्या घरात जाऊन पडलो. पडलो हे अगदी शब्दशः. घोटीला आमच्या भाताच्या गिरणीच्या पायरीवरून पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. नाशिकला ऑपरेशन झालं. मुलगा पुण्याला नोकरीत, राहायला वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. तेव्हा लेकीने ठरवलं की आबा माझ्याकडे राहतील. माझी लेक ठरवते तेव्हा ती विचारत नसते, कळवत असते. हा गुण तिने कुणाकडून उचलला ते सांगायची गरज नाही.

मी एकच अट घातली. भात खाईन तो माझ्या घरच्या तांदळाचा. लेकीच्या घरी जाऊन तळ ठोकायचा आणि वर तिच्या सासरचं अन्न खायचं, हे आमच्या पिढीच्या घशाखाली उतरत नाही. तिने कपाळाला हात लावला. पण इंद्रायणीचं पोतं लिफ्टने माझ्याआधी वर गेलं आणि त्याच्यामागून मी, वॉकर धरून.

मला घोटीला परत जायचंय, हे घरात पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. काठीवर नीट चालायला लागलात की खुशाल जा, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. मी काठीवर आलो. खाली बागेत फेऱ्या मारायला लागलो. गिरणी दुसऱ्याला चालवायला दिलेली असली तरी तिच्या ओट्यावर सकाळी जाऊन बसणं आणि आल्यागेल्याशी वाद घालणं हे माझं काम होतं आणि ते खोळंबलं होतं. पण विषय काढला की लेक म्हणायची, "बघू दिवाळीनंतर." मी म्हणायचो, बरं. दिवाळी काही फार लांब नव्हती.

तोवर संध्याकाळी त्या टेबलावर बसायचं. एका बाजूला जावई, एका बाजूला लेक, एका बाजूला मी आणि माझ्या समोर विहीणबाई, म्हणजे जावयाच्या आई. विहीणबाई माझ्याच वयाच्या, ठेंगण्या, आणि खेळायला बसल्या की त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. त्यांचा रंग कायम पिवळा. दुसऱ्या कुणी पिवळ्यावर बोट ठेवलं तर त्या खेळायलाच बसायच्या नाहीत.

सुरुवातीला माझी फटफजिती झाली, नाही म्हणत नाही. आयुष्यभर सोंगटी चिमटीत धरून उचललेली. मी पडद्यावरची लाल सोंगटी चिमटीत धरायला गेलो तर अख्खा पट फुगून मोठा झाला आणि विहीणबाईंचं घर टेबलाबाहेर गेलं. मग कळलं की नुसतं एक बोट टेकवायचं. पण ती स्क्रीन फार हळवी. तिला माझं बोट आणि माझ्या सदऱ्याची लोंबती बाही यातला फरक कळायचा नाही. बाही घासली की सोंगटी चालायला लागायची. एकदा चिवड्यातला शेंगदाणा सांडला आणि त्याने माझ्या वतीने फासा टाकला, तोही एकचा. तेव्हापासून मी बाह्या कोपरापर्यंत सारून बसायला लागलो आणि चिवड्याची वाटी मांडीवर घेऊन. आठवडाभरात माझं बोट बिनचूक चालायला लागलं. म्हातारा नवं काही शिकला की लोकांना लगेच कौतुक सुचतं. मला त्यात कौतुकासारखं काही दिसत नाही. मी गिरणीच्या मशीनचे पट्टे चालू मशीनवर बदललेले आहेत.

खेळ बहुतेक वेळा लुडोच असायचा. मला तो शिकवावा लागला नाही. आमच्याकडे कापडी पटावर कवड्यांनी सोंगट्या खेळायचे, त्याचीच ही धाकटी बहीण. सोंगटी बाहेर काढायची, फिरवायची, वाटेत दुसऱ्याची मारायची, आपली घरी न्यायची. फरक एवढाच की इथे पट सगळं बघत असायचा. दुसऱ्याची सोंगटी तुमच्या टप्प्यात आली की ती लखलखीत उजळायची आणि धडधड केल्यासारखी हलायची. तुम्ही ती न मारता दुसरी एखादी चाल केली की आतून एक बाई हिंदीत ओरडायची, "मौका गया!"

ही बाई माझ्या मुळावर उठली.

त्याचं असं आहे. आमच्यात जावयाची सोंगटी मारत नाहीत. कुठल्या पोथीत हे लिहिलेलं नाही आणि कुणी कुणाला शिकवतही नाही. मुलगी दिली त्या घरापुढे माणसाने जरा खाली राहायचं असतं. बोलताना, जेवताना, आणि खेळतानाही. जावई खेळायला बसला तर सासऱ्याने हरायचं. तेही असं हरायचं की त्याला कळता कामा नये. कळलं तर तो अपमान झाला. कापडी पटावर हे सोपं होतं. कवडी कलती पडली म्हणायचं. मोजताना एक घर जास्त मोजायचं. नेमक्या वेळेला खोकला काढायचा आणि तोवर डाव पुढे सरकलेला असायचा.

मला हे समजलं ते माझ्या सासऱ्यांमुळे. ते हरसूलकडचे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी त्यांना प्रत्येक डावात हरवलं. मी घोटीला येऊन सांगत सुटलो की सासरा माणूस चांगला आहे पण पटावर अगदीच कच्चा. पुढे एकदा गुरं बघायला म्हणून हरसूलच्या बाजाराला गेलो. त्यांना कळवलं नव्हतं. तर एका दुकानाच्या ओट्यावर सासरे डोक्यावरची टोपी काढून, धोतर वर खोचून, बाजारातल्या गड्यांबरोबर पट मांडून बसलेले. काय तो आरडाओरडा! मारतायत, शिव्या देतायत, कवड्या फुंकतायत, समोरच्याची सोंगटी मरून बसली की मांडीवर थाप मारतायत. तसा खेळणारा माणूस मी परत बघितला नाही. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. टोपी डोक्यावर आली, आवाज खाली आला. "या पाहुणे, बसा, एक डाव होऊ द्या," म्हणाले. आणि तो डाव ते हरले. मी जिंकलो आणि त्याच क्षणी मला सगळं उमगलं. मी ते उमगल्याचं त्यांना मरेपर्यंत कळू दिलं नाही. माझ्या मते जावयानेही एवढं करायचं असतं.

तर मी गंगापूर रोडला तेच करत होतो. जावयाची हिरवी सोंगटी माझ्या टप्प्यात यायची, उजळायची, धडधडायची. मी चष्मा पुसायचो आणि भलतीच सोंगटी पुढे करायचो. "मौका गया!" विहीणबाईंच्या पिवळ्याचंही तेच, कारण विहीण म्हणजे जावयाच्याही वर. राहिली एकटी लेक. तिच्या निळ्या सोंगट्या मात्र मी दिसल्या की मारायचो, हयगय नाही. सगळं मिळून व्हायचं असं की मी रोज हरायचो. लेकही चिडून हरायची, आणि जावई नाहीतर विहीणबाई जिंकायच्या. माझ्या मनासारखं चाललं होतं.

जावई बिचारा सरळ माणूस. त्याला माझी कीव यायला लागली. एकदा त्याने स्वतःच्याच सोंगटीकडे बोट दाखवलं. "आबा, ही बघा ना, उजळलीय. ही मारा, मग तुम्हाला आणखी एक चाल मिळते."

"असू द्या पाहुणे," मी म्हणालो.

"अहो, लखलखतेय ती. दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय की."

"मग मारा."

"ऱ्हाऊ द्या. लांबून आलीय बिचारी."

लेकीने माझ्याकडे बघितलं आणि मग नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, तिला कळलं. तिला वेगळंच काहीतरी कळलं होतं. तिची काय चूक? ती शाळेपासून नाशिकला वसतिगृहात राहिलेली, आणि तिच्या लग्नानंतर मी आणि जावई कधी पटावर बसलोच नव्हतो. तो घोटीला आला की जेवायचा, झोपायचा आणि गाडी काढून जायचा.

त्यानंतर तिचे प्रश्न सुरू झाले. "आबा, आज वार कोणता?" मी वार सांगितला, वर तिथी सांगितली. दुसऱ्या दिवशी, "आबा, काल कोण आलं होतं आपल्याकडे?" सांगितलं. मग एका सकाळी, पोह्यांच्या जागी तिने ते ओट्स नावाचं चिकट प्रकरण माझ्यापुढे ठेवलं होतं, आणि तासाभराने येऊन विचारते, "आबा, सकाळी काय खाल्लंत?" माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "खाल्लं? तू दिलंस कुठं काय खायला?" मी टोमणा मारला होता. ती एकदम गंभीर झाली आणि तिने मला पुन्हा पोहे करून आणले. पोहे झकास झाले होते. मी ते खाल्ले आणि विषय संपला असं समजलो.

तो संपला नव्हता. दिवाळीच्या आधी, मी बागेतल्या फेऱ्या मारून वर आलो. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर टाकून भावाशी बोलत होती आणि चकल्या तळत होती. त्या आवाजात माझी काठी तिला ऐकू आली नाही.

"दादा, तू इथं नाहीस, तुला कळायचं नाही," ती सांगत होती. "रोज बघतेय मी. समोर सोंगटी मरत असते, स्क्रीन ओरडून सांगत असते, तरी त्यांच्या लक्षातच येत नाही. माझ्या निळ्या तेवढ्या ओळखतात, बाकीच्या ओळखतच नाहीत. हे पण सांगतात, आबा मारा, मारा. ते नुसते हसतात. आणि परवा खाल्लेलं विसरले. एकटे घोटीला राहिले आणि गॅस चालू ठेवून बाहेर गेले तर?"

"मग त्या बँकवाल्यांना हो म्हणू का?" मुलाचा आवाज. "त्यांना घोटीचं घर भाड्याने घ्यायला पसंत आहे. चांगली फॅमिली आहे. दिवाळी झाली की राहायला येतो म्हणतात. आबांचं सामान वरच्या खोलीत ठेवू."

"हो म्हण. आबांना मी सांगते सावकाश."

मी तिथेच भिंतीला हात लावून उभा राहिलो. माझं घर, मी बांधलेलं, आणि त्यात बँकवाला. का, तर मी जावयाचा मान राखला म्हणून! अंगाचा तिळपापड झाला. तसाच आत जाऊन दोन शब्द सुनावावेत असं वाटलं. पण काय सुनावणार? 'मी मुद्दाम हरत होतो' म्हणू? असं तर हरणारा प्रत्येक माणूस म्हणतो. आणि त्यांना पटलं तरी पुढे काय? जावयाला कळणार की त्याने इतके दिवस जिंकलेला एकही डाव त्याचा नव्हता, आणि हे त्याला त्याच्याच घरात राहून, त्याच्याच खुर्चीत बसून मी सांगायचं. माझ्या सासऱ्यांनी हे जन्मात केलं नसतं.

मी चपला वाजवत पुन्हा आत आल्यासारखं केलं. तिने चकली दिली. खुसखुशीत झाली होती, तसं सांगितलंही.

पुढचे दोन-चार दिवस मी गप्प होतो. गप्प बसल्यामुळे माझ्या खात्यात आणखी एक लक्षण जमा झालं, ते वेगळंच. मी खोलीत पडून एकच विचार करत होतो. जावयाचा मान मोठा की माझं घर मोठं? सांगायला लाज वाटत नाही, मला घर मोठं वाटलं. हरसूलच्या ओट्यावर टोपी घालणाऱ्या माणसाला संध्याकाळी स्वतःच्या घरी जायची मुभा होती. माझी मुभाच काढून घ्यायला निघाले होते. मग टोपी घालून बसायचं कशासाठी?

भाऊबीजेला मुलगा पुण्याहून आला. एरवी भाऊबीज घोटीला असते, या वर्षी मी इथे म्हणून सगळे इथे. ओवाळून झालं, जेवणं झाली. मुलाच्या तोंडावर काहीतरी सांगायचं असल्याची कळा होती. तो खाकरला. त्याने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "पाहुणे, टेबल चालू करा. एक डाव होऊ द्या."

जावयाने आनंदाने टेबल चालू केलं. रोजचेच चौघं बसलो. मुलगा माझ्या पाठीशी उभा राहिला. मी बाह्या सारल्या. चिवड्याची वाटी आज मांडीवरही घेतली नाही, खाली ठेवून दिली.

थोड्या वेळाने जावयाची हिरवी सोंगटी सगळा पट फिरून घराच्या तोंडाशी आली. आणखी दोन घरं गेली की ती आत. माझी लाल तिच्या मागे होती. मला पाच हवे होते आणि पाच पडले. हिरवी सोंगटी उजळली आणि धडधडायला लागली. माझ्या पाठीमागे मुलाने श्वास रोखलेला मला कळला. लेक पडद्याकडे बघतच नव्हती, माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. नर्स थर्मामीटर लावून बघते तसं.

मी बोट उचललं आणि खरं सांगतो, ते खाली येईना. हात थरथरत नव्हता, तसा गैरसमज नको. आजवर ज्या माणसाला दारात आल्यावर आधी पाणी दिलं, ताटात आधी वाढलं, ज्याच्यासमोर पाय पसरून बसलो नाही, त्याला मारायचं होतं. 

मग मला माझ्या स्वयंपाकघरात चहा करणारी बँकवाल्याची बायको दिसली. मी बोट टेकवलं.

धाड्कन आवाज झाला आणि हिरवी सोंगटी टकटक टकटक करत आल्या वाटेने उलटी पळत सुटली. पार सुरुवातीच्या घरात जाऊन पडली. त्या दिवशी आतली बाई काहीतरी वेगळंच ओरडली, "क्या बात है!" घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी मारली की ती हे म्हणते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"अरे वा, आबा!" जावई म्हणाला. त्याच्या आवाजात अजून कौतुकच होतं.

त्याची दुसरी सोंगटी मी थोड्या वेळात मारली. तिसरी त्याने घाबरून सुरक्षित घरात नेऊन ठेवली आणि हलवेना. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं कौतुक गेलं आणि त्या जागी खेळ आला. तो पुढे वाकला. फासा टाकताना ओठ चावायला लागला. एवढ्या महिन्यांत मी त्याला असा बघितला नव्हता. मग विहीणबाईंची पिवळी माझ्या टप्प्यात आली. मी विचारही केला नाही. बोट ठेवलं आणि ती गेली.

विहीणबाईंनी पिवळ्या सोंगटीला सुरुवातीच्या घरात परत जाताना शांतपणे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. "आलात का शेवटी खेळायला," त्या म्हणाल्या.

डाव मी जिंकला. कसा जिंकला त्याचं वर्णन करायचा मोह होतोय, पण आवरतो. टेबलावर रंगीत कागदाचे तुकडे उधळल्यासारखं काहीतरी झालं आणि बाजा वाजला.

"आज फासे जोरात होते आबांचे," मुलगा म्हणाला.

मी वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो एक पाऊल मागे सरकला. पण त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं आणि हेच मला झोंबलं. लुडोत फासा असतोच. एका जिंकण्याने काय सिद्ध होणार? मी तोंड उघडणार तेवढ्यात विहीणबाई बोलल्या.

"फाशाचं काय सांगतोस? मी त्यांच्या समोर बसते रोज. सोंगटी उजळायच्या आधीच यांची नजर तिथं गेलेली असते. मग चष्मा काढतात पुसायला." त्या पदराने स्वतःचा चष्मा पुसायला लागल्या. "माझे वडील सोंगटी टप्प्यात आली की तपकीर शोधायला लागायचे. माझ्या सासरी त्यांनी एक डाव म्हणून जिंकला नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" लेकीने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग मला सांगितलंत का नाही, आई?"

"मला वाटलं तुला ठाऊक असेल. तुझ्या माहेरची रीत. आणि मी जिंकत होते, मला काय पडलंय?"

जावयाने आधी आईकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्याचा चेहरा पडला होता. ज्याची मला धास्ती होती ते हेच. "म्हणजे आबा, मी खराखुरा एकदाही जिंकलो नाही?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. मी ती घेतली नाही. "नाय," मी म्हणालो. "पन आज हारलात ते खरं हाय."

 मग त्याने टेबलावर बोट मारून नवा डाव लावला आणि खुर्ची पुढे ओढली. "बसा," म्हणाला. "आता सोडत नाही तुम्हाला." पहिल्यांदाच तो माझ्याशी सासऱ्याशी बोलतात तसं न बोलता समोरच्या गड्याशी बोलतात तसं बोलला. मला ते फार आवडलं. मुलगा गॅलरीत जाऊन बँकवाल्याला फोन लावत होता आणि 'सॉरी, सॉरी' म्हणताना ऐकू येत होता.

लेक मात्र उठून आत गेली होती. मी जावयाला थांबायला सांगितलं आणि काठी घेऊन तिच्यामागे गेलो. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, फराळाचे डबे उगाच इकडचे तिकडे करत.

"सगळ्यांना सोडलंत," ती न वळता म्हणाली. "माझ्याच सोंगट्या मारत होतात रोज. मी हरायचे, तेव्हा तुम्हाला काही वाटायचं नाही?"

"तुझ्या मारायला मला काय परवानगी लागती? तू माझी हायेस."

"तुमची आहे ना? मग माझं घर तुमचं का नाही?" आता ती वळली. डोळे भरलेले, पण आवाज चढलेला. "कसली रीत धरून बसलाय? तांदूळ स्वतःचा आणलात, मी बोलले नाही. मी काय कमी केलं, आबा?"

काहीही कमी केलं नव्हतं. आणि आवाज चढवला की मी एरवी दुप्पट चढवतो, पण त्या वेळी चढवला नाही. मी स्टूल ओढून बसलो.

"काय कमी नाय केलंस," मी म्हणालो. "पन बाळा, तुला वाटतंय का, मी फक्त त्या टेबलावरच सोंगट्या चुकवत होतो? टीव्हीचा आवाज कमी ठेवायचा. खोकला आला तर दार लावायचं. चहा परत प्यावा वाटला तर वाट बघायची, कोन स्वतःसाठी करतंय का. तुझी सासू उठायच्या आत आंघोळ उरकायची. मला कुनी सांगितलं नाय असं वागायला. तुम्ही लय चांगली मानसं. पन मी लेकीकडं हाय, हे माझ्या डोक्यातून एक मिनिट जात नाय. लय दमलो मी."

ती डब्याचं झाकण हातात धरून उभी राहिली.

"आनि तुझं बघ. आज भाऊबीज. आज तू माझ्या घरी यायचं, पाय पसरून बसायचं, मी चहा करून आनला तर नावं ठेवायची. यंदा तू सकाळपासून उभी हायेस. चकल्या तळताना तू फोनवर बोललीस ते ऐकलंय मी. माझ्या जागी तिथं बँकवाला आला असता तर माझं घर गेलं असतं, ते जाऊ दे. तुझं माहेर गेलं असतं, पोरी."

तेव्हा ती रडली. मोठ्याने नाही. झाकण ओट्यावर ठेवलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, तेही वाकून, कारण मी स्टुलावर होतो. मलाही रडू आलं, ते मी लपवलं नाही. बाहेर जावई हाका मारत होता, "आबा, फासा तुमचा!" विहीणबाई त्याला गप्प बस म्हणाल्या.

"कधी निघायचं?" तिने डोळे पुसत विचारलं.

"तू म्हनशील तेव्हा."

"उद्या सकाळी सोडते मी."

मी बाहेर जाऊन जावयाबरोबर बसलो. तो डाव मी हरलो, तोही मन लावून खेळून, आणि त्याने घर डोक्यावर घेतलं. मग सामान आवरायला खोलीत गेलो तर पलंगावर एक बॅग भरून तयार होती. मला वाटलं, इतक्यात माझं सामान बांधलं की काय हिने. चेन उघडून बघितलं तर वर तिच्या साड्या होत्या, खाली टॉवेल, ब्रश आणि तेलाची बाटली, चांगले आठ-दहा दिवस राहायच्या तयारीने. माझे कपडे अजून दोरीवरच होते. ती हॉलमधून नवऱ्याला आणि सासूला सांगत होती की मी उद्या माहेरी जातेय आणि कधी येईन ते तिकडून कळवीन.